खातीपुरा, पण कोणता?

जयपूरमध्ये खातीपुरा दोन आहेत. एक शहराच्या पश्चिमेला, झोटवाड्याच्या वाटेवर, वैशाली नगरच्या शेजारी. तिथे खातीपुरा रोड आहे, दुकाने आहेत, शाळा आहेत आणि पत्त्यात ‘खातीपुरा’ लिहिणारी असंख्य बिऱ्हाडे आहेत. दुसरा खातीपुरा शहराच्या पूर्वेला. जगतपुरा सोडून गाडी दिल्लीच्या दिशेने निघाली की खातीपुरा नावाचे रेल्वे स्थानक लागते. जयपूर जंक्शनवरची गर्दी हलकी व्हावी म्हणून अलीकडच्या वर्षांत ते वाढवले आहे, आणि आता काही गाड्या तिथूनच सुटतात. या दोन खातीपुऱ्यांच्या मध्ये सबंध जयपूर शहर पसरलेले आहे.

आमच्या नात्यातल्या एक मावशी राजस्थानच्या सहलीवर गेल्या, तेव्हा भाच्याकडे दोन दिवस राहायचे ठरले. भाच्याचा पत्ता खातीपुऱ्याचा. मावशींनी फोनवर ‘खातीपुरा’ लिहिले, फोनने स्थानक दाखवले, मावशींनी तिथपर्यंतचे तिकीट काढले. त्यात त्यांचे काय चुकले? स्थानकाबाहेर रिक्षावाल्यापुढे पत्त्याची चिठ्ठी धरली, तर त्याने ती वाचून विचारले, “माताजी, कौन सा खातीपुरा?” चिठ्ठीवर घराचा नंबर होता, गल्ली होती, कॉलनी होती. नव्हते ते एवढेच. अख्खे शहर ओलांडून भाच्याच्या घरी पोचेपर्यंत दुपारचे जेवण संध्याकाळवर गेले. मावशींचा शेरा मात्र ठसक्यातला होता. “नाव एक असले की गावही एकच असायला नको का?”

मावशींचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. ‘नाव एक, म्हणजे वस्तू एक’ असे मानून जगातल्या मोठमोठ्या ज्ञानकोशांनी कारभार करून पाहिला आहे. तो का फसला आणि कसा सावरला, हे कळायला खातीपुऱ्यासारखे उदाहरण नाही.

आधी या नावाचीच थोडी गंमत. मराठी माणसाने ‘खाती’ वाचले की त्याला बँकेतली खाती आठवतात, नाहीतर सरकारी खाती. राजस्थानात खाती म्हणजे सुतार. त्यावरून खातीपुरा म्हणजे सुतारांची वस्ती. पण माळव्यात उतरलात की खाती नावाने ओळखला जाणारा समाज मुख्यत्वे शेतकऱ्यांचा. आणि इंदूर शहरातही एक खातीपुरा आहेच! शब्द एक, लिपी एक, आणि तीन प्रदेशांत तीन अर्थ.

आता विकीकडे वळू या. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर विकिपीडिया आपल्याला ठाऊक असतोच. गृहपाठाचे निम्मे ओझे त्याच्या खांद्यावर असते. ज्या संकेतस्थळावर वाचणारा कोणीही लिहू शकतो, दुसऱ्याने लिहिलेले सुधारू शकतो, त्याला विकी म्हणतात. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन गृहस्थांनी १९९५ मध्ये पहिला विकी उघडला. ‘विकी’ हा हवाई बेटांवरचा शब्द, अर्थ ‘झटपट’. होनोलुलूच्या विमानतळावर ‘विकी विकी’ नावाची बस असे, तिच्यावरून त्यांनी हे नाव उचलले.

विकीचा कणा म्हणजे पानाचे नाव. तेच त्याचे शीर्षक आणि तोच त्याचा पत्ता. त्यामुळे एका विकीत एकाच नावाची दोन पाने असू शकत नाहीत. एका पानावरून दुसऱ्याकडे वाट काढायची, तर त्या पानाचे नेमके नाव लिहायचे, की दुवा तयार. पहिल्या विकीवर तर दोन इंग्रजी शब्द जोडून लिहिले आणि प्रत्येकाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत काढले, की तेच आपोआप दुवा होई. देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. ती पद्धत टिकली असती, तर मराठीला विकीच्या दारातच उभे राहावे लागले असते. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तोही याच पद्धतीने. पण त्याच वर्षी नाव दुहेरी चौकोनी कंसात लिहिण्याची रीत आली आणि जगातल्या सर्व लिप्यांची सोय झाली.

पुढे विकी अनेक झाले. मग शेजारच्या विकीशी नाते कसे जोडायचे, हा प्रश्न आला. सुरुवातीच्या मंडळींनी काढलेली युक्ती सोपी होती. शेजारच्या विकीवर अगदी त्याच नावाचे पान असेल, तर ते आपल्या पानाचे भावंड समजायचे आणि दुवा आपोआप द्यायचा. म्हणजे मावशींचाच नियम! विकी चार-दोन, लिहिणारे एकमेकांच्या ओळखीचे, भाषा एक आणि विषयही जवळपास तेच, तोवर हे चालून गेले. गल्लीतल्या दुकानदाराला ‘जोशीकाकूंकडे सामान पाठव’ म्हटले की पुरते. शहरात ते पुरत नाही.

विकिपीडिया आज तीनशेहून अधिक भाषांत आहे. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे महाराष्ट्र दिनाचा. इतक्या भाषांत एकाच नावाचे पान शोधणार कसे? आपण ‘जयपूर’ लिहितो, हिंदीत ‘जयपुर’. हा फरक कोणाच्या आळसाचा नाही. गावाच्या नावातला ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा आपल्या शुद्धलेखनाचा नियमच आहे. साहित्य महामंडळाने केलेले आणि १९६२ मध्ये शासनाने मान्य केलेले हे नियम नागपूर, सोलापूरसाठी जसे, तसेच जयपूरसाठीही. त्यातही मौज अशी, की ‘खातीपुरा’मधला ‘पु’ मात्र मराठीतही ऱ्हस्वच राहतो. म्हणजे शहर दीर्घ आणि त्यातली वस्ती ऱ्हस्व. संगणकाला विचाराल, तर ‘जयपूर’ आणि ‘जयपुर’ ही त्याच्या लेखी दोन वेगळी गावे, आणि जयपूरचे दोन खातीपुरे मात्र एक. माणसाच्या अगदी उलट!

म्हणून भाषाभाषांतले दुवे बरीच वर्षे हाताने घालावे लागत. मराठी पानाच्या तळाशी हिंदी पानाचे नाव, गुजराती पानाचे नाव, इंग्रजी, जर्मन, जपानी, अशी माळ लावायची. तशीच माळ त्या प्रत्येक भाषेतल्या पानाच्या तळाशी. एखादा विषय शंभर भाषांत असला, तर प्रत्येक पानावर नव्याण्णव दुवे, म्हणजे सगळे मिळून ९,९०० झाले. एका भाषेने शीर्षक बदलले की नव्याण्णव ठिकाणी दुरुस्ती. हे माणसाच्या हातून होईना, म्हणून त्यासाठी आपोआप चालणारे प्रोग्रॅम लिहिले गेले. मराठी विकिपीडियाने त्यांना दिलेले नाव फार झकास आहे : ‘सांगकाम्या’. सांगितलेले काम बिनतक्रार करणारा, पण स्वतःचे डोके न चालवणारा. कोणीतरी एका भाषेत चुकीचा दुवा घातला, की हे सांगकामे रात्रीतून तो बाकीच्या भाषांत पोचवून येत. लग्नघरातल्या अफवेसारखे. मूळ कोणी सांगितले ते कळत नाही, आणि खोटे ठरवायचे तर प्रत्येक खोलीत जाऊन सांगावे लागते.

या गुंत्यातून सुटण्याची वाट आपल्या टपालखात्याने आधीच काढून ठेवली होती. आपल्याकडे एकाच नावाची गावे किती! वडगाव घ्या, पिंपळगाव घ्या, खेड घ्या. म्हणून तर आपण ‘मु. पो., ता., जि.’ अशी लांबलचक शेपटी लावत आलो. तरी वेगवेगळ्या लिप्या आणि पाठवणाऱ्याचे अक्षर यांपुढे टपाल कर्मचारी हात टेकत. संचार मंत्रालयातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर सहा अंकी पिनकोडची योजना आखली, आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती लागू झाली. हे वेलणकर संस्कृतचे कवी होते. शब्दांत रमणाऱ्या माणसाने शब्दांवर न विसंबता आकडा पुढे करावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जयपूर शहराचे पिनकोड ३०२ ने सुरू होतात. तुम्ही जयपूर लिहा, जयपुर लिहा, तमिळमध्ये लिहा, पत्र तिथेच जाते.

विकिपीडियाने हेच केले, चाळीस वर्षांनी. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘विकिडेटा’ नावाचा एक सामाईक साठा सुरू झाला. त्यात दर वस्तूला, व्यक्तीला, गावाला एक क्रमांक मिळतो, आणि त्याआधी इंग्रजी ‘क्यू’ हे अक्षर असते. मुंबईचा क्रमांक ११५६, पुण्याचा १५३८, आपल्या मराठी भाषेचा १५७१. सगळ्या भाषांनी आपापले पान फक्त या क्रमांकाला जोडायचे, एकमेकांना नाही. २०१३ मध्ये ही व्यवस्था सर्व विकिपीडियांना लागू झाली आणि पानांच्या तळाच्या त्या लांब माळा हळूहळू उतरल्या. शंभर भाषांसाठी आता शंभर दुवे पुरतात. नाव बदलले तरी क्रमांक बदलत नाही. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव हे बदल २०२३ चे, अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ चे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरचे जुने नाव शोधणाऱ्या नातवालाही योग्य पानच सापडायला हवे. त्यासाठी विकीवर जुन्या नावाचे छोटे पान ठेवतात, ते वाचकाला नव्या पानावर पोचवते. याला ‘पुनर्निर्देशन’ म्हणतात. घर बदलल्यावर जुन्या दारावर ‘आम्ही अमुक ठिकाणी राहायला गेलो’ अशी चिठ्ठी लावतात ना, तसेच.

गंमत म्हणजे विकीच्याच घराण्यातल्या एका भावंडाला मावशींचा नियम तंतोतंत लागू पडतो. ते म्हणजे विक्शनरी, म्हणजे शब्दकोश. तिथे ‘खाती’ या पानावर त्या अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या सर्व शब्दांना जागा आहे. मराठीतली बँकेची खाती आणि राजस्थानचा सुतार तिथे शेजारी शेजारी नांदू शकतात, कारण तिथे विषयच शब्द हा आहे. म्हणून निरनिराळ्या भाषांतल्या विक्शनऱ्यांत सारख्या अक्षरांची पाने एकमेकांना आपोआप जोडली जातात, २०१७ पासून तशी व्यवस्थाच आहे. ज्ञानकोशात मात्र शब्द हा नुसता दरवाजा, आत वस्तू वेगळी. शब्दकोश आणि ज्ञानकोश यांतला फरक शाळेत कोणी इतक्या स्वच्छपणे समजावून दिल्याचे मला आठवत नाही.

पण क्रमांक आला म्हणून सगळे सुरळीत झाले का? छे! एका क्रमांकाला एका भाषेतले एकच पान जोडता येते. आता इंग्रजीत ‘आंट’वर एक पान असले आणि आपल्याकडे मावशी, आत्या, काकू आणि मामी अशी चार झाली, तर त्या एका ‘आंट’ला कोणती जोडायची? ज्या घरात लग्नाच्या आहेराच्या यादीवर मावशी की आत्या आधी यावरून रुसवेफुगवे झालेत, तिथे हा प्रश्न विचारून पाहावा. यावर उत्तर एकच : चौघींना चार स्वतंत्र क्रमांक द्यायचे, आणि प्रत्येकीच्या नोंदीत ही त्या व्यापक नात्याचा एक प्रकार आहे असे लिहायचे. म्हणजे इंग्रजी पानावरून मराठीत यायची थेट वाट राहत नाही. कोणी म्हणेल, एखादी जोडून टाका ना, काय बिघडते? बिघडते ते असे, की आत्या म्हणजे आईची बहीण असे पुढे कुठल्यातरी भाषेत छापून येते.

आमच्या शेजारच्या नववीतल्या मुलीवर असाच प्रसंग आला. तिने शाळेच्या प्रकल्पात लिहिले, की न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन काढले. तिला गुण कमी मिळाले, पण तिने वाचले तसेच लिहिले होते. कुठल्याशा लेखात नुसते ‘रमाबाई’ असे नाव होते आणि त्याचा दुवा दुसऱ्याच रमाबाईंच्या पानावर नेत होता. आपल्या इतिहासात एक पंडिता रमाबाई, १८८९ मध्ये शारदा सदन काढणाऱ्या आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या. दुसऱ्या रमाबाई रानडे, १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवा सदनाचा आधार. तिसऱ्या रमाबाई आंबेडकर, बाबासाहेबांचा संसार हालअपेष्टांत चालवणाऱ्या, १९३५ मध्ये गेलेल्या. पहिल्या दोघी एकाच काळातल्या, पुण्यात एकमेकींना ओळखणाऱ्या, दोघींचे कार्य स्त्रियांसाठी, आणि संस्थांच्या नावातही ‘सदन’. वर केडगावेही दोन : एक दौंड तालुक्यातले, पंडिता रमाबाईंचे, दुसरे अहिल्यानगर शहराला लागून असलेले.

अशा वेळी विकीवर ‘रमाबाई’ या नावाचे एक पान करतात. त्यावर लेख नसतो, फक्त विचारणा असते, की तुम्हाला यांपैकी कोण हव्या आहेत, आणि खाली तिघींची नावे, प्रत्येकीची एका ओळीत ओळख. या पानाला ‘निःसंदिग्धीकरण’ असे जिभेची परीक्षा पाहणारे नाव आहे. मला विचाराल, तर ‘कौन सा?’ हे रिक्षावाल्याचे दोन शब्द त्यापेक्षा बरे होते! आणि ही गरज स्त्रियांच्या बाबतीत जास्तच पडते. माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव, कधी लग्नात बदललेले पहिले नावही. डॉक्टर आनंदीबाई जोशी माहेरी यमुना होत्या. माहेरच्या नावावरून त्यांना शोधणाऱ्याला वाट कोणी दाखवायची?

वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोशाचे काम चाले, तेव्हा कोणत्या नावाखाली नोंद आणि कोणत्या नावापुढे नुसते ‘पहा’, हे ठरवायला जाणत्या माणसांचे संपादक मंडळ होते. विकीवर असे मंडळ नाही. तिथे पानाच्या नावावरून वाद झाला, तर तो चर्चापानावर होतो, नाहीतर ‘चावडी’वर. होय, मराठी विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या जागेचे नाव चावडीच आहे, आणि नवशिक्याने लिहून पाहण्याच्या जागेचे ‘धूळपाटी’. वाद होतातही कडाक्याचे. पुरणपोळीच घ्या. आपल्याकडे पुरणपोळी, कर्नाटकात होळिगे किंवा ओबट्टू, आंध्रात बोब्बट्लु. आपापल्या भाषेत आपापले नाव वर असणार, तिथे भांडण नाही. पण इंग्रजी पानाच्या डोक्यावर कोणाचे? ज्याचे नाव वर, त्याची पोळी, असा समज होतो. मला वाटते, हा आग्रह अगदीच पोरकट नाही. ज्या भाषेचे लोक तिथे लिहायला गेलेच नाहीत, त्यांच्या पदार्थाला दुसऱ्याच्या नावाने ओळखण्याची पाळी येते.

आणि माणसे गेलीच नाहीत, तर सांगकामे जातात. स्वीडनचे स्वेर्कर योहान्सन यांनी असा एक सांगकाम्या बनवला. त्याने गावे, डोंगर, नद्यांच्या तयार याद्यांवरून लाखो पाने लिहून काढली. फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया त्यामुळे ६० लाखांच्या आसपास पानांचा झाला. पण मूळ यादीत एकच गाव दोन स्पेलिंगांनी असेल, तर त्याची दोन पाने होतात, आणि मग विकिडेटात दोन क्रमांक पडतात. माणसांना अजूनही ते निवडत बसावे लागते. तांदूळ निवडण्यासारखेच काम, फक्त पोते संपत नाही.

फोनवर आपण एखादे नाव विचारतो आणि तो झटकन चौकटीत माहिती दाखवतो, तेव्हा ती पुष्कळदा याच नोंदींतून आलेली असते. यंत्राला प्रश्न विचारून उत्तर घेण्याची सवय तर आता घराघरांत आहे. म्हणून ही निवडानिवड आपल्या घरापासून वाटते तितकी दूर नाही.

ती करायला परवानगी लागत नाही. मराठी पानावरून दुसऱ्या भाषांच्या यादीकडे जा. आपल्याला वाचता येते अशी एक भाषा निवडा आणि तेच पान उघडते का ते पाहा. वस्तीऐवजी स्थानक उघडले, रानडेंऐवजी पंडिता उघडल्या, तर विकिडेटाच्या नोंदीवर जाऊन तो दुवा सोडवायचा आणि योग्य नोंदीत घालायचा. तिथे प्रत्येक क्रमांकासमोर तीन गोष्टी असतात : नाव, एका ओळीचे वर्णन आणि ‘उर्फ’ची यादी. नावे कितीही सारखी असोत, एकाच भाषेत नाव आणि वर्णन दोन्ही सारखे असलेल्या दोन नोंदी विकिडेटा ठेवू देत नाही. तेव्हा सगळी मदार त्या एका ओळीवर. ‘खातीपुरा : राजस्थानातील ठिकाण’ एवढेच लिहिले, तर मावशी पुन्हा स्थानकावरच. ‘जयपूर शहराच्या पश्चिम भागातील वस्ती’, ‘जयपूर–दिल्ली लोहमार्गावरील रेल्वे स्थानक’, ‘इंदूर शहरातील वस्ती’ अशा तीन ओळी हव्यात. यातली तिसरी लिहायला इंदूरच्या मराठी घरातलेच कोणी बसले तर उत्तम. खातीपुरा कोणत्या रस्त्याने लागतो, हे त्यांना नकाशात पाहावे लागणार नाही.